मंडळीचं पातेलं

वर्षातून एकदाच निघायचं ते,
नाताळच्या जेवणाला.
बाकी वर्षभर छावणीतल्या देवळाच्या कोठीत पालथं,
आणि किल्ली माझ्या कमरेला.
मी खजिनदार. पंचवीस वर्षं.
पंख्यांचा हिशोब, चटयांचा हिशोब;
दानार्पणाच्या थैलीत फाटकी नोट कोण टाकतं
तेही घडीवरून ओळखायचे.

पातेलं पितळी. काठावर कोरलेलं:
'कै. सगुणाबाई शमुवेल रणभिसे यांच्या स्मरणार्थ'.
भांबळमामांचं म्हणणं, निम्मे पैसे आमचे होते.
एवढ्यावरून दोन घरं
नऊ वर्षं दोन बाजूंच्या बाकांवर बसली,
आणि प्रभुभोजनाचा पेला
मधली वाट ओलांडून पलीकडे जायचा,
नाक्यावरून माल जावा तसा.

नवे पाळक आढाव, वय एकोणतीस,
पंचकमिटीत म्हणाले, पातेलं काढा.
एम. वाय.च्या फाटकाबाहेर
पेशंटची माणसं उपाशी झोपतात.
मी विचारलं, ठराव कुठाय?
कुणी विचारलं, त्यातले किती रविवारी आपल्यात येतील?
आढाव म्हणाले, बहुतेक एकही नाही.
आणि गप्प बसले.
इतका छोटा उपदेश आम्ही आधी ऐकला नव्हता.

पहिल्या मंगळवारी खिचडी खाली लागली.
मीठ दोनदा पडलं.
अलीराजपूरच्या एका म्हाताऱ्यानं ती निमूट खाल्ली,
द्रोण चाटूनपुसून ठेवला, मग म्हणाला,
उद्या मी ढवळतो, बाई.
पुढच्या खेपेला डाव त्याच्या हातात होता
आणि मी कांदे चिरत होते.
बरं असतं ते.
डोळ्यांना कारण द्यावं लागत नाही.

रणभिसे दादांची प्रार्थना म्हणजे वीस मिनिटं,
उत्पत्तीपासून.
पोरं पंख्याची पाती मोजत बसायची.
पौषातल्या एका रात्री झाबुआकडची एक मुलगी,
मुलगीच ती, विशीचीही नसेल,
कुशीत गुंडाळलेलं गाठोडं, सकाळपर्यंत गाडी नाही,
दादांना म्हणाली,
"काका, अपने भगवान से कुछ बोल दो."
दादांनी तोंड उघडलं.
मग मिटलं.
कोटासकट खाली फरशीवर बसले, तिच्या शेजारी.
काही वेळानं भांबळमामा आले, दुसऱ्या बाजूला टेकले.
शाल तिच्या खांद्यावर टाकली,
तिचं एक टोक दादांच्या गुडघ्यावर पडलं.
ते कुणी उचललं नाही.
आमेनही कुणी म्हटलं नाही.
पहाटे गाडीचे पैसे मी थैलीतून दिले.
कशाखाली लिहायचे ते कळेना.
वहीतली ती ओळ अजून कोरी आहे.

आता चौथं वर्ष.
हजेरी तेव्हा अठ्ठावन्न होती, आता बासष्ट;
त्यात दोन तान्ही, एक नवी सून,
आणि रुसून गेलेला पाटोळ्यांचा धाकटा.
अहवालात मांडायला हे फारच थोडं.
पण 'मी भुकेला होतो' हे वचन निघालं
की आता बाकांवर हालचाल होते.
एकेकाला एकेक चेहरा दिसतो, गावाच्या नावासकट.
पूर्वी आम्ही ते फार सुंदर वाचत असू.

राखेनं, काथ्यानं घासून घासून
काठावरचं नाव गेलं.
आधी सगुणाबाई, मग शमुवेल,
रणभिश्यांचा 'र' बरेच दिवस तग धरून होता.
उरलंय फक्त 'स्मरणार्थ'.
आत मेजावरही हाच शब्द आहे.
पंचवीस वर्षं त्याच्यावरच थैली ठेवत आले,
पुढे कुणाच्या ते विचारलं नाही.

कल्हईवाला म्हणतो, नाव परत घालून देऊ?
बाहेर चुलीपाशी रणभिसे आणि भांबळ
डाळ आधी की तांदूळ, यावर तावातावानं भांडतायत.
कोठीची किल्ली कुणाकडे आहे
मला खरंच आठवत नाही.
म्हटलं, नाव राहू द्या.
बुडाशी गळतंय तेवढं बघा.
उद्या मंगळवार.