ळचा खण

उदगीरला चौबाऱ्यापासून चार दुकानं सोडून
महारुद्रअप्पा पुस्तकं विकायचे, छापायचेही.
पुढं अंकलिप्या, पंचांगं, हिशेबाच्या वह्या.
मागं ट्रेडल मशीन. त्याला ते म्हैस म्हणायचे:
तेल पाजलं तर दूध, नाहीतर लाथ.

मी नऊ वर्षांचा. काम एकच,
छापून झालेला मजकूर मोडून
खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे.
कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं,
बोटांना सगळं सारखंच शिसं.
मी आधी उलटं वाचायला शिकलो;
शाळेत फळा दिसला तेव्हा वाटलं, मास्तर चुकले.

खिळे पुण्याहून यायचे. ळ कमीच यायचे.
सगळे मिळून सतरा.
अप्पा वैतागायचे, 'जळकोट, कळंब, हाळी.
गावांना काय ळ काढून हाका मारायच्या?'

त्यात एक दिवस बिरू हटकर आला.
अक्षरओळख नाही, पण गुरांचं दुखणं शेपटीवरून सांगायचा.
तो बोलत गेला, अप्पा उतरवत गेले:
लाळ्या-खुरकूत, हळद, गूळ, कडुनिंबाची साल,
'जनावराच्या डोळ्यांत बघून मग हात लावावा.'
दीड पानातच खण रिकामा.

म्हणून पानापानानं छापलं.
एक पान छापा, मोडा, पुढचं जुळवा.
'पहिले ळ वेचून दे रे, बाकीचं मरू दे.'
अडीच महिने. चौसष्ट पानं.

हाळीच्या बाजारात गोणपाट अंथरलं.
लोक पुस्तक हातात घ्यायचे, वजन करायचे,
परत ठेवायचे, आणि म्हणायचे, 'वाचून दाखवा की.'
अप्पा वाचायचे. घसा बसेपर्यंत.
पाचशे प्रती. विकल्या सदतीस.
अप्पा म्हणाले, ऐकलं मात्र सगळ्यांनी.

शेवटच्या पानावर तळाला बारीक ओळ:
मुद्रक, महारुद्र बाब सुरे.
मधली जागा मोकळी.
त्या पानावर बिरूला तेरा ळ लागले होते,
तीन समोरच्या पानाला.

तेरा आणि तीन सोळा.

अप्पांनी खण दोनदा चाळला,
माझ्याकडं बघितलं,
आणि नावात शिशाचा कोरा तुकडा बसवला.

माझ्या नावात ळ नाही.
का घेतला, आजही सांगता येत नाही.
गोळ्यांच्या डबीत असतो, बीपीच्या गोळीशेजारी.
कधीतरी अंगठ्यावर दाबतो.
उमटतो. थोडा वेळ राहतो.