दोन टिंबं

ऑर्डर लहान होती, तीनशे नग.
एवढ्याशा कामाला इराबत्तीशेठ दारातूनच नमस्कार करतात,
पण संक्रांत उलटून गेली तरी निम्मे माग झाकलेलेच,
म्हणाले, वरलक्ष्मी, घे करून.

अरुंद टॉवेल, गळ्यात घालायचा.
तांबडा, पिवळा, हिरवा, आभाळी, जांभळा,
असे पाच पट्टे
आणि मधोमध चार अक्षरं, की चित्रं, की कुणाची सही,
मला काय ठाऊक.
बारा वर्षं झाली चौकटी भरते मी पडद्यावर,
मोर, कमळ, लॉजांची नावं,
नगरसेवकाच्या वाढदिवसाला त्याचा चेहरासुद्धा, मिशांसकट.
दुसऱ्या अक्षराच्या वर, उजव्या कोपऱ्यात, दोन टिंबं होती.
वाटलं, कागदावरचा डाग.
पुसून टाकली.

नमुना बँकॉकला गेला आणि
लाल वर्तुळ घेऊन परत आला.
टिंबं कुठं आहेत?
टिंबांशिवाय हे आमचं नाव नाही.
शेठ ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले,
ते जास्त लागतं.

त्या रात्री शोधलं मी, हे कोण.
आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
तिची तीनशे बाकी होती, माझी तीनशे बाकी होती.
मिझुतामा. म्हणजे पाण्याचे थेंब, म्हणे,
फ्रॉकवर असतात तसले गोल ठिपके.
जपानच्या पाच मुली, राहतात बँकॉकला,
मॉलच्या तळमजल्यावर नाचतात,
मागं भाताच्या कुकरची जाहिरात.
मी माणसं मोजली. मोजायची सवयच आहे.
एकेचाळीस. त्यातले दोन वॉचमन.
पण ओरडत होते असे,
जसा गड्ड्याच्या जत्रेत पाळणा वर जाऊन थांबावा.
एक टक्कल पडलेला माणूस पिवळ्या शर्टात
टॉवेल गरगरा फिरवत होता डोक्यावर,
जुना टॉवेल, दुसऱ्या कुणीतरी विणलेला.
फास निघालेले, तांबडा पिवळ्यात उतरलेला.
लाज वाटली मला, बघ की, त्यांच्यासाठी.

आईनं तेलुगूतच विचारलं, कोण गं या?
जपानच्या. परदेशात कामाला आहेत.
का, त्यांच्या गावात काम नाही?
असेल. यांच्यापुरतं नसेल.
आमचे आजोबा सिरसिल्ल्याहून आले ते धोटा घेऊन,
ते कुठं नाचले नाहीत, एवढाच फरक,
असं मी म्हणणार होते.
आईनं दोरा दातानं तोडला.
भात तरी मिळत असेल ना तिकडं, म्हणाली.

टिंबं भरली. प्रत्येकी नऊ चौकटी.
मल्लिनाथनं मागावर बसवून दिलं,
कापड उतरलं तेव्हा बोटानं चाचपलं मी,
दोन्ही होती, तिळाएवढी.
तीनशे गेले.
महिन्यानं त्या टकल्याच्या डोक्यावर माझा टॉवेल फिरला.
कारखान्यात कुणाला सांगायचं?
तस्लीमला सांगितलं. ती म्हणाली, रंग पक्का दिसतोय.

मृगाच्या तोंडावर पुन्हा ऑर्डर आली.
दोनशे नग. चार पट्टे.
जांभळा नको, एवढंच लिहिलेलं.

जांभळी म्हणजे काहो. डावीकडून दुसरी,
एक पाऊल कायम उशिरा पडायचं तिचं.
शेवटच्या दिवशी ती वाकली
आणि इतका वेळ वाकून राहिली
की मॉलवाल्यानं मागचे दिवे घालवले.
गेली तिच्या गावी.
त्या दिवशी त्या पिवळ्या शर्टवाल्यानं
हातात जांभळा दिवा धरला होता.
आता वाजतात तेव्हा मी मोजते ती छत्तीस,
एखादा दिवस चौतीस.

चार पट्ट्यांची फाइल केली.
रुंदी नवी करायची होती, सगळे सरकवून घ्यायचे होते,
दहा मिनिटांचं काम.
नाही सरकवले.
जिथं जांभळा होता तिथं पांढरं सोडलं, तेवढंच,
आणि टिंबं जिथल्या तिथं.
जांभळ्या सुताचा अर्धा कोन कपाटात वरच्या फळीवर आहे.
नमुना पाठवून आज अकरा दिवस झाले.
लाल वर्तुळ अजून आलेलं नाही.