अकरा बेचाळीस ते अकरा अठ्ठावन्न

अहवालात एवढंच येईल:
बैठक अकरा बेचाळीसला तहकूब,
अकरा अठ्ठावन्नला पुन्हा सुरू.

एडिंबरा, समिती कक्ष चार.
बोललेलं उतरवून घेणं हे माझं काम.
खोकला लिहायचा नाही, आवंढा लिहायचा नाही,
कुणाची जीभ घसरली तर वाक्य
चादरीसारखं ओढून सरळ करायचं.

पहिली साक्ष थोरा इझबिस्टरची. वय एकसष्ट,
ऑर्कनीच्या फेरीबोटीवर मेकॅनिक.
धुऊन धुऊनही नखांत उरलेलं ग्रीस.
म्हणाली, पासपोर्ट झाला, पगाराची चिठ्ठी झाली,
बोटीवरची पोरं मला शिव्यासुद्धा
बाईमाणसाला बिचकत द्याव्यात तशाच देतात.
एक कागद तेवढा राहिलाय.
त्याला दोन डॉक्टर, दोन वर्षांचे पुरावे,
आणि मला कधीही न भेटणारं एक मंडळ.
जगायला नकोय तो मला. जगून झालंय बरंचसं.
माझ्या मृत्यूच्या दाखल्यात
भलताच माणूस मरायला नको, म्हणून आले.

दुसरी, ग्रिझेल गन. विक गावात बायकांचं आश्रयगृह चालवते.
कागद नव्हते आणले, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.
म्हणाली, फेब्रुवारीत पहाटे तीनला एक बाई आली,
एका पायात स्वतःचा बूट, एका पायात मुलाचा.
जेवण नाही मागितलं, पोलीस नाही मागितले,
विचारलं, कडी आतून लागते का?
तुम्ही मला व्याख्या विचारताय.
तुमच्या मसुद्यात कडी कुठल्या कलमात आहे, ते दाखवा.
मी कुणाचा अपमान करायला आलेली नाही.
पण दार उघडायला रात्री मीच उठते.

मग कलम दोनमधल्या 'आणि'चं 'किंवा' करावं का
यावर चौदा मिनिटं.
मग सदस्य लॅचलन पिरी म्हणाले, 'मिस्टर इझबिस्टर'
आणि थांबले.
आणि अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचं सांगितलं,
जी झाली नव्हती.

बाहेर यंत्रानं थोराचं नाणं गिळलं.
ग्रिझेलनं यंत्राला दणका घातला.
मारू नका, थोरा म्हणाली, आणि पत्र्याला कान लावून,
पंप कोरडा फिरतोय याचा.
ग्रिझेल म्हणाली, आमचा बॉयलर पण असाच घुंगावतो,
मध्यरात्री विझतो, पोरं गारठतात.
किती वर्षांचा? कुठे बसवलाय?
तळघरात, ग्रिझेल म्हणाली,
वरच्या खोलीत बायका झोपतात.

थोरानं आपल्या साक्षीच्या कागदामागे
एक झडप काढली, एक बाण, एक नंबर.
फोनवर सांगेन म्हणाली, आत यायची गरज नाही.
ग्रिझेल किल्ल्या मोजल्यासारख्या करत राहिली.
आभार मानले नाहीत.
कागद मात्र चार घड्या घालून खिशात ठेवला.

यातलं काहीच माझ्या अखत्यारीत येत नाही.

आता रात्र, कानांत हेडफोन.
'मिस्टर', पाऊण सेकंद शांतता, 'इझबिस्टर'.
नियम असा की घसरलेलं सुधारावं,
मुद्दाम म्हटलेलं जसंच्या तसं ठेवावं.
घसरली, की घसरवली?
काढून टाकलं तर पिरीसाहेब होते त्याहून सभ्य ठरतील.
ठेवलं, तर दाखला सुधारला तरी
इथे ती कायमची 'मिस्टर'.

स्टॉर्नोवेच्या शाळेत मॅकास्किलबाई शिकवायच्या:
गेलिकमध्ये 'बाई' हा शब्द पुल्लिंगी, पोरांनो.
वर्ग हसायचा.
पण पुढच्या वाक्यात तिला 'ती'च म्हणायचं बरं का,
आणि गावात कुणी त्यावर अडखळत नाही.
हे असं का, म्हणून तेव्हा विचारलं होतं.
बाईंनी खडू खाली ठेवला,
मधली सुट्टी झाली.

अकरा एक्केचाळीस.
अजून एकदा ऐकावं लागेल.