कानातला खडा

कॉडच्या डोक्यात, मेंदूच्या जरा खाली,
दोन पांढरे खडे असतात.
कवटी उघडायची, चिमट्याने उचलायचे,
मधोमध मोडायचे.
बोटं सरावली की आवाजही होत नाही.

मग भिंगाखाली वर्षं दिसतात.
उन्हाळा रुंद, दुधाळ.
हिवाळा बारीक, काचेसारखा,
उजेड त्यातून आरपार जातो.
त्या दिवसांत अंगाला काही लागलेलं नसतं.

सोळा वर्षं मी हेच मोजते आहे
तोर्शहाव्नच्या धक्क्यामागे,
डिसेंबरात दुपारी तीनला दिवा लावून.

परवा तुम्मास आला.
मे महिना, रात्री दहालाही लख्ख,
म्हाताऱ्याला झोप नव्हती.
हातमोजे न काढताच
दोन मासे टेबलावर टाकले,
एक गुबगुबीत, मांडीएवढा,
दुसरा किडकिडीत, नुसतं डोकं.
"हा बाप," तो म्हणाला, "आणि हे त्याचं पोर."
साठ वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला
कोण काय शिकवणार?

मी खडे मोडले.
बाप निघाला चार वर्षांचा.
पोर नऊ.

त्याने भिंगाला डोळा लावला,
काढला, चष्मा पुसला, परत लावला.
"कुठे धरलेस?"
जाडा पश्चिमेकडच्या उथळावरचा.
तिथे समुद्राचा तळ वर उचललेला आहे
आणि वाळूत बारीक मासळी इतकी
की तोंड उघडलं तरी पोट भरावं.
दुसरा इथलाच, खाडीच्या तोंडाशी लागलेला.
मध्ये एका रात्रीची वाट,
पण खाली खोल काळी घळ,
ती ओलांडायला कुणी जात नाही.
जो जिथे जन्मला तिथलंच खातो.

किडक्याचं पाचवं वलय केसाएवढं होतं.
मी बोट ठेवून दाखवलं.
तुम्मास मनात मागे मागे गेला.
"त्या वर्षी कड्यांवर पिल्लंच नव्हती," म्हणाला,
"पक्षी आले, घिरट्या घातल्या, निघून गेले."
त्याच वर्षी त्याचा हानुस डेन्मार्कला गेला,
तिथे म्हणे आता घर, गाडी, पोट सुटलंय.
हे तो बोलला नाही.
गाव लहान आहे, मला ठाऊक आहे.

"जाडा तुला राहू दे."
किडक्याला त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलं,
शेपटी बाहेर राहिली, ती आत दुमडली.
"नऊ हिवाळे," दारात थांबून म्हणाला,
"आणि मी त्याला पोर म्हटलं."

तो गेल्यावर मी खडा पुन्हा पाहिला.
अगदी कडेला, नवव्या काचेच्या बाहेर,
दुधाची पुसटशी रेघ उमटू लागली होती.
वसंतात धरलेल्या माशात ती असतेच.
आम्ही ती वयात धरत नाही.