ना

इथे झाडाचं नाव एवढंच: ना.
आमच्याकडे हाच नागचाफा.
पण डिंगिरी मेनिके ओठ न मिटता म्हणते, ना,
आणि मला दर वेळी वाटतं
ती कशाला तरी नकार देतेय,
किंवा लाडानं विचारतेय, राहशील ना?

कुरुणेगलच्या अलीकडे, ओढ्याला लागून तिचं घर.
भाड्याची खोली, एक खिडकी, खिडकीभर झाड.
बक महिन्यात पालवी येते ती लालबुंद,
जणू रात्रभर कुणी चिमटे काढलेत.
मग पांढरी फुलं, मधे हळदीचा पुंजका.
पहाटे उमलतात, तिन्हीसांजेला अंगणभर.

तिचा नवरा पुंचिबंडा, करवत्या.
साकवासाठी वठलेला ना कापायला गेला
आणि तीन पाती घालवून आला.
'ओला असेतो लाकूड, वाळला की लोखंड,'
एवढं बोलून जेवायला बसला म्हणे.
साकव अजून आहे.
उरल्या तुकड्याचं त्यानं मुसळ केलं,
ते कोपऱ्यात उभं असतं, काळं.
मी एकदा उचलून पाहिलं.
एकदाच.
आमच्यात मुसळाला अंकुर फुटत नाहीत, म्हटलं.
ती म्हणाली, या मुसळाचं सांगता येत नाही.

रोज झाडाखाली सूप घेऊन बसते.
पाकळ्या विहाराला,
केसर उशीला.
एका उशीला दोन बहर लागतात.

पहिली उशी बैरूतला गेली, लेकीकडे.
इनोका तिथं दुसऱ्यांची मुलं सांभाळते,
अकरावं वर्ष.
सुट्टीवर आलेली शेजारीण घेऊन निघाली
आणि विमानतळावर कुणा अधिकाऱ्यानं
पात्यानं शिवण उसवली.
काय आहे यात?
तिला एकच शब्द ठाऊक. म्हणाली, ना.
माझ्या भाषेत सुटली असती बिचारी.
त्यानं कोपरापर्यंत हात घातला,
मुठीमुठीनं पिवळा भुगा काढला
सरकत्या पट्ट्यावर,
आणि पट्टा आपला फिरत राहिला
परक्यांच्या बॅगांना केसर लावत.

अम्मे, अर्धीच पोचली, इनोका फोनवर म्हणाली.
कुशीवर झोपलं की पुरते.

दुसरी उशी आज भरून झाली.
सुई मी ओवून दिली, तिला दिसत नाही हल्ली.
तिनं तीन बाजू घट्ट टिपल्या
आणि चौथीला नुसत्या नाड्या लावल्या.
ज्याला बघायचंय त्यानं सोडावी,
म्हणाली,
नाक खुपसावं हवं तर,
आणि परत बांधून द्यावी.