काळी तिरपी रेघ

इथे रात्रीचे दहा, तिथे साडेपाच, अजून ऊन.
तहसीन गाडी कडेला लावून बसलीय
दोन म्हाताऱ्यांच्या घरांमधल्या वीस मिनिटांत,
आणि मी धोपाव्यात, पडवीत, चष्मा पुसत,
गुहागरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली
चौतीस पानं मांडीवर घेऊन.

पहिल्यांदा नापास झाली. दोन मार्कांनी.
इथलं लायसन तिथे वर्षभरच चालतं,
त्यातले दहा महिने गेले.
विचारा अब्बा, म्हणते, वेगाचेच विचारा.

"रस्त्याला दिवे आहेत, पाटी नाही. किती?"
"तीस."
"आणि दिवे बंद असले तर?"
"असं नाहीये त्यात."
नाहीच. मी घातलं पदरचं.
आपल्या वाडीत खांब अकरा, पेटतात तीन,
सकिनाबीच्या दारातला तर
पाऊस पडला की आपोआप लागतो.
"मग तिथे पावसाळ्यात तीस
आणि उन्हाळ्यात कितीही?"
हसली. बऱ्याच दिवसांनी.

"दुहेरी मार्ग कशाला म्हणायचं?"
"दोन-दोन लेन असल्या की..."
चूक. इथेच गेला असेल तुझा एक मार्क.
लेन मोजायच्या नाहीत गो,
मधे काय आहे ते बघायचं.
कठडा, गवताची पट्टी, काहीही,
जाणाऱ्याला येणाऱ्यापासून तोडणारं.
तोडलेलं असलं तर सत्तर.
नसलं तर साठ.

साठ मैल! मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार करतो.
शहाण्णव.
एकतीस वर्षं एसटी चालवली,
गाडीला पासष्टच्या वर जीवच नव्हता,
आणि ते किलोमीटर.
मोडकाआगरच्या वळणावर समोरून लाल गाडी आली
की दोघंही थांबायचो, कोपराएवढं अंतर ठेवून.
"पुढे म्हशी आहेत."
"तळीला गर्दी आहे, भुवडला सांग सुट्टे काढून ठेव."
मधे कठडा असता
तर म्हशींचं कळलं नसतं.
हे परीक्षेत लिहू नको.

आतून हमीदा ओरडते, हळू चालव म्हणावं तिला.
"अम्मीला सांगा,
फार हळू चालवलं तरी नापास करतात."
हमीदा दारात येऊन उभी राहते, हात पिठाचे.
काय माणसं म्हणायची, म्हणते,
आणि परत जाते.

"आता शेवटचा. गोल पाटी, पांढरी.
वर काळी तिरपी रेघ. आकडा नाही."
ती गप्प.
तिकडे कुठलंसं पाखरू ओरडतंय, ओळखता येत नाही.
"म्हणजे... मर्यादा नाही?"
मलाही आधी तसंच वाटलं होतं.
"आहे. लिहिलेली नाही.
रस्ता बघून तुला ठाऊक असायला हवी."

तशा पाट्या इथे लावायच्या ठरल्या
तर तालुक्यातला पांढरा रंग पुरायचा नाही.
बोंबील वाळत टाकलेत तिथे पहिला गियर.
कब्रस्तानाच्या गडग्याशी हॉर्न नाही,
स्मशानाशीही नाही.
चव्हाणांचा मुका पोरगा सायकल शिकत होता
ते अख्खं वर्ष उतारावर ब्रेकवर पाय.
कोणी सांगितलं होतं?
डेपोच्या रजिस्टरात तर
धोपाव्याची गाडी रोज नऊ मिनिटं लेट.

"अब्बा, आपला जेटीचा रस्ता
ह्यातल्या कुठल्या प्रकारात?
जो सरळ पाण्यात जातो?"
थांब, बघतो, म्हणून पानं उलटतोय तोवर
"निघते, मिसेस हॉल्डनच्या चहाची वेळ झाली,"
पट्टा लावल्याचा खट्ट आवाज,
आणि बंद.

चौतीस पानांत पुढे पाणी असलेला रस्ता नाही.
दोनदा बघितलं.
शेवटची फेरी केव्हाच गेली, खाडीवर
दाभोळचे दिवे. ते मात्र सगळे पेटलेले.

गडग्यापलीकडे वस्तीची गाडी आली.
नवा पोरगा आहे. तिसऱ्यातच वळवतोय.
"दुसरा टाक रे," मी अंधाराला म्हणतो.
टाकतो तो.
जरा उशिरा.