हिंग, पाच रुपये

वही मुलाच्या भूमितीची, जुनी.
अर्ध्या पानांवर त्रिकोण,
उरलेल्यांवर आमचं घर:
उकडे तांदूळ दहा किलो, कुळीथ एक,
तेल (इथं आकडा खोडून पुन्हा लिहिलाय,
पुन्हा खोडलाय),
जाडं मीठ, साबण, गूळ, बेडगी मिरची अर्धा,
आणि हिंग, पाच रुपये.

आरोलकरांच्या दुकानातून वर्षभरात
मी हिंग घेतलेला नाही.
डबीतला गेल्या चतुर्थीचा, दगड झालाय,
अजून एक चतुर्थी निघेल त्यात.
पाच रुपयांत येते कॉफीची पुडी.
तांबडी, दोन बोटांएवढी.

दिवसभर मी काजू निवडते.
अख्खा एकीकडं, पाकळी एकीकडं, कणी एकीकडं.
बोटांना इतकी सवय, की घरी तांदूळ निवडतानाही
तीन ढीग होतात.
कारखान्यात जिभेवर काही ठेवायचं नाही.
मुकादमीण कावेरी गिरप
हातांकडं नाही, तोंडांकडं बघत फिरते.
म्हणून शनिवारी, पगार दोनदा मोजून झाल्यावर,
पडवीच्या पायरीवर बसून
मी जिभेवर काहीतरी ठेवते.
साखर मात्र घरखर्चातली, दोन चमचे.
तेवढं माझ्या नावावर लिहा.
समोर खाडीला ओहोटी, चिखलात कुर्ल्यांची भोकं,
आणि पेला संपेपर्यंत
कुणी मला हाक मारत नाही.

ह्यांचं अक्षर तिरकं. तेही लिहितात:
बस, बिडी, मुलाची फी,
आणि खिळे, दहा रुपये.
महिन्यातून दोनदा खिळे.
एवढे खिळे खरंच घरात आले असते
तर गेल्या वादळात
अख्ख्या वाडीत आमचंच छप्पर जागेवर राहिलं असतं.

मग एकदा बंदरावरनं येताना
एसटीच्या खिडकीतून दिसले.
बेकरीच्या वळचणीला, पायात बर्फ-कारखान्याची ओली चप्पल,
क्रीमरोल खात होते.
मिशीला पांढरं. डोळे मिटलेले,
देवळातसुद्धा इतके नीट मिटत नाहीत.
मी तोंड फिरवलं.
बघितलं असतं तर ते हिशेबात आलं असतं.

आता मासेमारी बंद.
होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्यात,
बर्फ कुणाला हवाय?
ह्यांना अर्धाच पगार.
सुका बांगडा, तोही मोजून,
शेपटीचा तुकडा कुणाला हे आधीच ठरवून.

काल रात्री वही घेऊन बसलो.
एकशे चाळीस कमी.
ह्यांचं बोट वरून खाली आलं.
तेलावर थांबलं. भागेल, खोबरं आपलंच आहे.
साबणावर थांबलं. तुकडे चिकटवू.
बिडीवर थोडं जास्त थांबलं,
मग त्यांनीच तीन बंडलांची दोन केली.
आणि हिंग.
मला वाटलं, झालं.
कारखान्यात अमोनिया गळला तर
सगळ्यांआधी ह्यांना वास येतो.
शनिवारी पडवीत कसला वास असतो
ते ह्या नाकाला कळलं नसेल?

बोट पुढं सरकलं.
"हिंग रवांदे," म्हणाले, "पोटाक बरो असता.
खिळे काढ."

मी पेन उचललं. टोपण काढलं.
ते लिहीत नव्हतं, तळव्यावर घासलं.
"एक खेप रवांदेत," मी म्हटलं.
"गोठ्याचा दार हलता."

गोठा तीन वर्षांपूर्वी पाडला.
म्हैस त्याच्या आधी गेली.

"हलता खरा," म्हणाले,
आणि कंदिलाकडं बघत राहिले,
वीज असताना.

अजून पंधरा रुपये जुळत नाहीत.
ते एका त्रिकोणाच्या आत लिहून ठेवलेत.